बहात्तर किलोंची हवा

सासऱ्यांनी हार्डटेल सोडायचं ठरवलं, ही बातमी घरात जेवणाच्या टेबलावर आली, आणि तीही मीठ मागावं तितक्या साधेपणाने.

“पाठ धरते हल्ली,” ते म्हणाले. “मागेही शॉक असलेली घ्यावी म्हणतो. जरा आरामाची.”

नवऱ्याचा घास हातातच राहिला. “तुम्ही? तुम्ही पाळण्यात बसणार?”

पाळणा हा शब्द त्यांचाच होता. डोंगरातल्या वाटांवर चालवायच्या सायकली दोन जातींच्या असतात. हार्डटेलला फक्त पुढच्या चाकावर शॉक असतो, मागचं चाक थेट सांगाड्याला जोडलेलं. दगड आला की पुढे तो थोडा जिरतो, मागे सरळ बुडाला लागतो. फुल सस्पेन्शनला मागच्या चाकासाठीही शॉक असतो. दगड चाकाखालून निघून जातो आणि वर बसलेल्याला त्याची नुसती बातमी मिळते. सासरे तीस वर्षं हार्डटेल चालवत आले होते आणि दुसऱ्या जातीला पाळणा म्हणत आले होते. “वाट बुडाला कळली नाही, तर पायांना काय डोंबल सांगणार?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून आयुष्य काढलेला माणूस. दोन गोष्टींच्या मधे काही मऊ आलं की त्यांना ती लबाडी वाटायची.

“साठी बुद्धी नाठी म्हणतात,” ते आता म्हणाले. “माझी सत्तरीत परत आली. सूनबाई, तू चल दुकानात. तुला यंत्रातलं कळतं. याला फक्त ठोकलेल्या गाड्यांमधलं कळतं.”

नवरा विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्यांची पाहणी करायचा. तो हसला, पण वडिलांकडे बघत राहिला. दोन वर्षांपासून त्याला ती सवयच लागली होती.

दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या पोटातली गाठ काढली होती. त्यानंतरची औषधं गाठीपेक्षा वाईट निघाली. ते बरे झाले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, आता वर्षाने या. मधल्या काळात घरी वजनावर लक्ष ठेवा. तीन किलोंच्या वर उतरलं तर वाट न बघता आणा. नवऱ्याने हे मंत्रासारखं धरलं. बाथरूमच्या दाराशी काट्याचं जुनं वजनयंत्र होतं, गोल काचेचं. दर रविवारी सकाळी सासरे त्यावर उभे राहत आणि नवरा गुडघ्यावर बसून काटा वाचे. बहात्तर. पुढच्या रविवारी बहात्तर. त्याच्या पुढच्या रविवारी पाव किलो कमी, मग पुन्हा बहात्तर. आकडा वाचल्यावर नवरा उठताना नेहमी वडिलांच्या पोटरीवर एक थाप मारायचा, जशी चांगल्या बैलाला मारतात. सासरे म्हणायचे, “झाली परीक्षा? चहा टाका.”

मग तेही उभे राहत, नवरा आणि सून. त्या दोघांचं मात्र वजन वाढत चाललं होतं. नवरा वर्षभरात ऐंशीच्या घरातून नव्वदीला टेकला होता. त्याने साखर सोडली, लिफ्ट सोडली. सुनेचं सत्तावन्नावरून पासष्ट झालं. तिने रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलं. वय झालं की चढतंच, असं ऑफिसातल्या बायका म्हणत होत्या. तिनेही ते मान्य केलं. परकराची नाडी आधीपेक्षा घट्ट ओढून बांधावी लागते, हे तिच्या बोटांना कळत होतं, पण बोटांचं म्हणणं तिने कधी मनावर घेतलं नाही.

“खा गं,” सासरे तिच्या ताटात वाढत म्हणायचे. “वजनाचं काय घेऊन बसलीस!”

“बाबा, काटा बघितलात ना?”

“काट्याला काय, तो लोखंडाचा.”

या सगळ्यातली गंमत म्हणावी तर अशी की ती वजनमापांच्या प्रयोगशाळेत काम करत होती. दुकानांतले, दवाखान्यांतले, मालगोदामांतले तराजू तिच्या टेबलावर यायचे. ती त्यांच्यावर प्रमाणित वजनं ठेवायची, काटा बघायची, आणि पटलं तरच सील लावायची.

सायकलीच्या दुकानातल्या माणसाला सगळे स्पोक म्हणत. तो खरंच चाकाच्या तारेसारखा बारीक आणि ताठ होता. सासरे आत आले तसा तो हातातलं काम ठेवून पुढे आला, आणि त्यांनी फुल सस्पेन्शनच्या रांगेकडे बोट दाखवल्यावर मात्र जागीच थांबला.

“काका, मी मागच्या वर्षी हीच दाखवली तर माझी आई काढली होती तुम्ही.”

“आईबद्दल काही बोललो नव्हतो. तुझ्या अकलेबद्दल बोललो होतो.”

“मग आज?”

“आज माझ्या बुडाबद्दल बोलतोय. दाखव.”

निवडायला वेळ लागला नाही. हिरवट राखाडी रंगाची, बुटक्या सांगाड्याची एक त्यांनी हातात धरली आणि सीटवर तळव्याने दाबलं. मागचा शॉक सावकाश दबला आणि सावकाश वर आला. सासऱ्यांच्या तोंडावर जे आलं ते सुनेने पाहिलं. नव्या सायकलीचा तो आनंद नव्हता. फार चाललेल्या माणसाला बाक दिसल्यावर असं होतं.

“वजन किती, काका? हवा भरतो.”

या शॉकमध्ये स्प्रिंग नसते, हवा असते. स्वार जितका जड तितकी जास्त हवा. सांगाड्यावर एक छोटा तक्ता चिकटवलेला असतो: एवढं वजन, एवढी हवा.

“बहात्तर,” सासरे म्हणाले.

स्पोकने छोट्या पंपाने हवा भरली. शॉकच्या चकचकीत दांडीवर एक बारीक रबरी कडं असतं. ते त्याने खाली टेकवलं आणि सासऱ्यांना नुसतं बसायला सांगितलं. दांडी आत गेली तसं कडं वर सरकलं. सासरे हळूच उतरले. सायकल वर आली आणि कडं जिथे होतं तिथेच राहिलं. स्वार नुसता बसला तर शॉक किती दबतो, ते त्या कड्याने कळतं. दांडीवर त्यासाठी रेघ असते. कडं रेघेच्या दोन-अडीच मिलिमीटर अलीकडे थांबलं होतं.

“थोडी कडक वाटतेय. हवा कमी करू का?”

“राहू दे,” सासरे लगेच म्हणाले. “एकदम मऊ नको. सवय नाही.”

“तक्ता म्हणजे तसा अंदाजच असतो म्हणा,” स्पोक म्हणाला, आणि विषय तिथे संपला.

घरी आल्यावर जुनी हार्डटेल मागच्या पडवीत भिंतीच्या खुंटीवर गेली. नवी तिच्याखाली उभी राहिली.

सासरे रोज सकाळी गावामागच्या टेकडीवर जात. वर रुंद रस्ता, उतरताना झाडांच्या मुळांची आणि सुट्या दगडांची वाट. नव्या सायकलीवरही ते तीच वाट घेत. पण परत आल्यावर ते पडवीच्या पायरीवर बसायचे ते तिरके, एका कुल्ल्यावर. सून चहा घेऊन जायची तेव्हा ते पटकन सरळ होत.

“आराम आहे ना?”

“पाळणाच आहे गं. झोप लागते.”

“मग असे का बसलात?”

“पाळण्यातून पडलो.”

ती हसली आणि आत आली. पण आत आल्यावर तिला ते खटकत राहिलं. आरामासाठी घेतलेली वस्तू आराम देत नाही, तर कुठेतरी काहीतरी बरोबर बसलेलं नाही. ती माणसांच्या बाबतीत भित्री होती, पण वस्तूंच्या बाबतीत कधीच नव्हती. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर तिने सायकल पडवीच्या मध्यावर घेतली, सायकलीबरोबर घेतलेला पंप लावून पाहिला. हवा तक्त्याप्रमाणेच होती, जराही कमीजास्त नाही. सासरे झोपले होते. म्हणून तिने स्वतःचं वजन धरलं, पासष्ट, आणि तक्त्याप्रमाणे पासष्टाची हवा ठेवून कडं खाली टेकवलं. भिंतीला कोपर टेकून तोल सांभाळत ती बसली, आणि हळूच उतरली.

कडं रेघेच्या अलीकडेच थांबलं. जवळजवळ तितकंच.

तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. दोन वेगळी माणसं, दोन वेगळ्या हवा, आणि चूक मात्र सारख्या प्रमाणात. असं होतं तेव्हा दोष माणसांत नसतो, दोघांना समान असलेल्या कशात तरी असतो. तक्ता चुकीचा असेल, किंवा पंपाचा काटा. तिने बहात्तराची हवा परत भरली आणि शनिवारी ती सायकल आणि पंप दोन्ही घेऊन दुकानात गेली.

“तुमचं वजन किती?” तिने स्पोकला विचारलं.

“बायका हे मला विचारत नाहीत सहसा.”

“मी विचारतेय.”

“अठ्ठावन्न. परवा रक्त द्यायला गेलो होतो, तिथे काट्यावर उभं केलं. म्हणाले, जेमतेम बसताय.”

तिने अठ्ठावन्नाची हवा भरली. स्पोक बसला, उतरला. कडं रेघेवर होतं. बरोबर रेघेवर, जसं छापून ठेवावं.

“बघा, उत्तम आहे की सायकल,” स्पोक म्हणाला. “तुमच्या घरचेच लोक हलके दिसतात.”

तो सहज बोलला होता. सून तिथे उभी राहिली. तक्ता बरोबर होता. पंप बरोबर होता. स्पोकचं वजन त्यांच्या बाथरूममधल्या यंत्रावर झालेलं नव्हतं. बाकी सगळ्यांचं झालं होतं.

शॉकमध्ये पुन्हा बहात्तराची हवा भरून ती घरी आली. सासरे बाहेर गेले होते, नवरा कामावर. बाथरूमच्या दाराशी ते यंत्र होतं, गोल काचेचं, शून्यावर शांत. तिने ते मोठ्या पिशवीत घातलं, वर टॉवेल टाकला, आणि सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळा उघडून घेतली.

“घरचं गिऱ्हाईक?” पहारेकरी म्हणाला.

“हो.”

रिकामं असताना काटा शून्यावर होता. तिने दहा किलो ठेवले, काटा अकरा-साडेअकरावर. वीस ठेवले, तेवीसच्या जरासा पुढे. चाळीस ठेवले; साडेसेहेचाळीस. चूक सगळीकडे सारख्याच प्रमाणात वाढत होती. पडून, गंजून, दमून बिघडलेलं यंत्र असं बिघडत नाही. तिने ते उलटं केलं. तळाच्या पत्र्याचे स्क्रू साधे होते, पण त्यांच्या खाचा स्वच्छ होत्या, वारंवार उघडलेल्या. आत, तरफेवर मूळ कंपनीचा जो स्क्रू असतो, तो जागेवरून सरकवलेला होता. एकदा नव्हे. पत्र्यावर त्याच्या आधीच्या जागांच्या बारीक खुणा होत्या, एकापुढे एक, आणि शेवटच्या जागी तो हलू नये म्हणून रंगाचा एक थेंब. काम इतकं सुबक होतं की दुसऱ्या कुणाचं असणं शक्य नव्हतं.

ती स्टुलावर बसली. कागद लागला नाही. यंत्राचे बहात्तर म्हणजे खरे बासष्ट. तिचे पासष्ट म्हणजे छप्पन्न. ती वाढलीच नव्हती, उलट किलोभर उतरली होती. नवराही. बाबांचं जसजसं उतरत गेलं तसतसा त्यांनी काटा वर उचलला, आणि काट्याबरोबर घरातले बाकीचे दोघे वर गेले. वर्षभर ती आणि नवरा त्यांच्या आजाराचा आकडा स्वतःच्या अंगावर वाचत होते आणि साखर सोडत होते.

आणि डोळ्यांनी तर दिसत होतंच. गळ्याजवळ सैल झालेले शर्ट. ऊन असताना वर घातलेलं जाकीट. घड्याळाचा पट्टा, ज्याला त्यांनी घरीच एक भोक जास्त पाडलं होतं. सगळं दिसत होतं, आणि दर रविवारी काट्याने ते खोटं पाडलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात. इथे तर दिवा लावणंच तिचं काम होतं.

सासरे पडवीत सायकल पुसत होते. तिने पिशवी त्यांच्यासमोर ठेवली आणि टॉवेल काढला. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. फडकं घडी करून बाजूला ठेवलं.

“कशावरून?”

“कड्यावरून.”

त्यांनी मान वळवून शॉककडे पाहिलं आणि त्यांना खरोखरच हसू आलं. “अरे, हरामखोरा,” ते कड्याला म्हणाले. “हे डोक्यातच आलं नाही बघ. दुकानात खरं सांगायचं तरी कसं, तू शेजारीच उभी.” मग म्हणाले, “म्हणजे मी आरामाची सायकल घेतली आणि वर दहा किलोंचा खोटा माणूस बसवला.”

“पाठ दुखत नाही तुमची.”

“नाही. बसायला मांस उरलं नाही गं. हाडाला हाड लागतं. हार्डटेलवर तर रडायला यायचं, खरंच सांगतो. टेकडीवरून उतरताना एकटा होतो म्हणून बरं.”

ती पायरीवर बसली. शेजारच्या घरात कुणीतरी पडदे सरकवत होतं, कड्यांचा आवाज येत होता.

“का, बाबा?”

“का ते तुला माहीत आहे.”

“नाही. तुम्ही सांगा.”

सासऱ्यांनी हाताचे तळवे गुडघ्यांवर ठेवले. “पहिल्या खेपेला मला कोणी विचारलंच नाही. तारीख ठरली, खोली ठरली, माझी पिशवी भरली. हा खुर्चीत बसायचा, रात्रभर माझ्या छातीकडे बघत, हलते की नाही म्हणून. डोळे उघडले की हा समोर. एकदा मला वाटलं, मी मेलो तर हा माझ्यावर ओरडेल.” ते थांबले. “चांगला आहे तो. त्याच्याइतकं कोण करतं! पण पुन्हा तसं नको. यंत्रावरचा आकडा खाली गेला की तो मला उचलून नेणार. मला थोडे दिवस ती वाट पाहिजे होती. एवढंच.”

“डॉक्टर काय म्हणतील ते तुम्हाला माहीत आहे?”

“मी फिटर आहे. आवाजावरून कळतं.”

“आवाजावरून कळलेलं आपण उघडून बघतोच ना?”

त्यांनी बाजूचं फडकं उचलून त्याची आणखी एक घडी घातली. मग हळू आवाजात म्हणाले, “त्याला सांगू नकोस. यंत्र जागेवर ठेव. आणि या शॉकमधली हवा तेवढी बासष्टाची कर. मी कुणाकडे काही मागितलेलं नाही आजवर.”

ते खरं होतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून त्यांनी तिच्याकडे फक्त चहा मागितला होता. ती उठली, आतून पंप आणला, आणि शॉकच्या तोंडाला लावला. बारीक फुस्स आवाज करत हवा बाहेर आली. बासष्टावर तिने थांबवलं.

“बसा.”

ते बसले. कडं वर गेलं. उतरले. कडं रेघेवर होतं.

“हे झालं,” ती म्हणाली. “आणि मी त्याला सांगणार नाही. ते तुमचं आहे. पण बाबा, खोटा काटा मी घरात ठेवू शकत नाही. दुकानदार रडतात माझ्यापुढे, पोरंबाळं पुढे करतात, तरी मी सोडत नाही. मी हे आज बरोबर करणार आणि जागेवर ठेवणार. उद्या रविवार आहे. त्याच्या आधी तुम्ही सांगा. नाहीतर काटा सांगेल.”

“म्हणजे माझं दुकान सील करणार तू.”

“हो.”

सासऱ्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांच्या नजरेत राग होता, आणि आणखी काहीतरी, जे टूलरूममध्ये शिकाऊ पोराने पहिल्यांदा बरोबर माप घेतल्यावर त्या नजरेत येत असेल. “तळाचा डावा स्क्रू घट्ट बसतो,” शेवटी ते म्हणाले. “जरा तेल सोड.”

रात्री जेवताना नवरा गाड्यांबद्दल बोलत होता. एका माणसाने गाडी उभी असताना झाड येऊन आपटलं, असं लिहून दिलं होतं. सून हसली नाही. सासरे हसले, आणि दोनदा त्यांनी तोंड उघडलं. एकदा पाणी मागितलं. एकदा म्हणाले, “ते झाड कुठलं होतं?”

सकाळी नवरा बाथरूमच्या दाराशी यंत्र घेऊन बसला, नेहमीसारखा गुडघ्यावर. सासरे आले. त्यांनी जाकीट घातलं नव्हतं. नुसता बनियन होता, आणि दोन्ही खांद्यांची हाडं पडवीतल्या उजेडात दिसत होती. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला वाटलं, नवरा वर बघेल. पण त्याची नजर काचेवरच होती.

“आधी तू,” सासरे तिला म्हणाले.

ती उभी राहिली.

“छप्पन्न?” नवरा म्हणाला. “अगं, एका आठवड्यात नऊ किलो? काय खातेस काय तू?”

“तू राहा उभा,” सासरे त्याला म्हणाले.

तो राहिला. सत्त्याहत्तर. त्याने वाकून पाहिलं, हसत पोटावर हात फिरवला, आणि मग ते हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. रोज मोडलेल्या वस्तू बघणारा माणूस होता तो. सांगितलेलं आणि दिसणारं जुळत नाही, हे ओळखण्याचाच त्याला पगार मिळायचा. तो काही बोलायच्या आत सासरे यंत्रावर चढले. सावकाश, आधार धरून, जसे हल्ली सायकलवर चढत.

काटा फिरला, थरथरला आणि थांबला. नवऱ्याने काचेवर नखाने टिचकी मारली. काटा हलला नाही.

“बिघडलंय हे,” तो म्हणाला.

“नाही,” सून म्हणाली. “आता बरोबर आहे.”

नवरा गुडघ्यावरच होता. त्याने वर पाहिलं, वडिलांकडे, पायांपासून खांद्यांपर्यंत, जसं त्याने वर्षभरात एकदाही पाहिलं नव्हतं. त्याचा हात सवयीने पोटरीकडे गेला आणि तिथे थांबला. थाप मारता येईल असं तिथे काही नव्हतं. त्याने नुसती ती पोटरी धरली.

“केव्हापासून?”

“सांगतो. ऊठ आधी.”

“केव्हापासून, बाबा?”

“ऊठ म्हटलं ना. बापाला असं खालून विचारू नये.” त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून स्वतःला खाली उतरवलं. “तपासायला मी येतो. उद्याच येतो. पण एक. तिथे खुर्चीत मी बसणार, आणि डॉक्टर माझ्याशी बोलणार. तू ऐकायचं. ठरवणार मी. जमत असेल तर चल. नसेल तर सूनबाई येईल.”

नवरा उठला नाही. तो पोटरी धरून रडत होता, तोंडातून आवाज न काढता, आणि सासरे त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते, काहीसे अवघडून, कारण हे काम त्यांनी बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं. सुनेने यंत्र पायाने बाजूला सरकवलं, कुणी अडखळू नये म्हणून.

डॉक्टरांशी सासरेच बोलले. नवरा खिडकीजवळ उभा राहिला आणि त्याने दोनदा स्वतःचा हात तोंडावर ठेवला. काय काय करता येईल ते डॉक्टरांनी सांगितलं आणि त्यातून किती मिळेल तेही. सासऱ्यांनी प्रश्न विचारले, नेमके, मापाचे. मग त्यांनी दुखणं कमी करणारी औषधं घेतली आणि बाकीच्याला नाही म्हटलं. घरी येताना गाडीत नवरा एक शब्द बोलला नाही. तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी सुनेला पडवीत खुडबूड ऐकू आली. तो स्टुलावर चढून खुंटीवरची हार्डटेल उतरवत होता.

“चेन सुकली असेल,” आतून सासरे ओरडले. “तेल लाव. आणि सीट वर घे, तुझे पाय लांब आहेत.”

दुसऱ्या दिवसापासून ते दोघं सकाळी टेकडीवर जायला लागले. सासरे पुढे, नवरा मागे, कारण वाट सासऱ्यांना माहीत होती. परत आले की नवरा पायरीवर बसायचा, तिरका, एका कुल्ल्यावर.

“बाबा, ही सायकल आहे की शिक्षा?”

“तीस वर्षं बसलो मी त्यावर.”

“कसे बसलात?”

“तेव्हा बुड होतं.”

दर रविवारी सून शॉकला पंप लावते. यंत्रावर जो आकडा येईल त्याची हवा ठेवते. जवळजवळ नेहमी थोडी सोडावी लागते. आवाज इतका बारीक असतो की पडवीत दुसरं कुणी बोलत असेल तर ऐकू येत नाही. म्हणून त्या वेळी कुणी बोलत नाही. मग सासरे बसतात, उतरतात, आणि तिघंही वाकून बघतात. कडं रेघेवर असतं.

“चला,” सासरे म्हणतात, आणि हेल्मेटचा पट्टा गळ्याखाली लावायला मान वर करतात.